आय-थ्री की आय-फाइव्ह: सहा हजारांचा फरक नेमका कुठे मुरतो?

प्रश्न असा आहे. देवगडजवळ जामसंड्यात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान. जुना पीसी चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. तो आता फारच रडतो. नव्यासाठी एकाच दुकानदाराने दोन कोटेशनं दिली आहेत. पहिल्यात आय-थ्री १२१००, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि मॉनिटर, मिळून ३८,५०० रुपये. दुसऱ्यात बाकी सगळं तेच, फक्त प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००, आणि किंमत ४४,५००. वरचे सहा हजार द्यावेत का?

तुमच्या कामासाठी नकोत. आय-थ्री घ्या. मात्र ३८,५०० चं कोटेशन आहे तसं घेऊ नका, त्यात दोन-तीन बदल करून घ्या. ते कोणते आणि का, ते पुढे येतंच. त्याआधी हा हिशोब कसा करायचा ते पाहू, कारण उद्या दुकानदार तिसरं कोटेशन पुढे करील तेव्हाही तोच लागेल.

आधी दोन्ही प्रोसेसर शेजारी ठेवून बघा. दोन्ही १२ व्या पिढीचे, जानेवारी २०२२ मधले. आय-थ्री १२१०० ला ४ कोअर (प्रत्यक्ष राबणारे गडी) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामं), सर्वोच्च वेग ४.३ गिगाहर्ट्झ, कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) १२ एमबी. आय-फाइव्ह १२४०० ला ६ कोअर आणि १२ थ्रेड, सर्वोच्च वेग ४.४ गिगाहर्ट्झ, कॅश १८ एमबी. आतलं ग्राफिक्स दोन्हीत यूएचडी ७३०. म्हणजे एका कोअरचा वेग पाहिला तर फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. खरा फरक आहे तो दोन जास्तीच्या कोअरचा, आणि ते दोन कोअर तेव्हाच राबतात जेव्हा सॉफ्टवेअर काम वाटून देतं. एकाच माणसाने करायच्या कामाला सहा गडी लावले तर पाच जण बांधावर बसून राहतात, तसंच इथे होतं.

याचं गणित संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलं आणि ते आजही तसंच लागू आहे. समजा एखादं काम १० मिनिटांचं आहे आणि त्यातला ६० टक्के भागच सगळ्या कोअरवर वाटला जातो. चारच्या जागी सहा कोअर आले, म्हणजे तो ६ मिनिटांचा भाग दीडपट वेगाने ४ मिनिटांत होईल. उरलेली ४ मिनिटं हलणार नाहीत. एकूण ८ मिनिटं. कोअर दीडपट केले आणि काम सव्वापटच वेगाने झालं. वाटला जाणारा भाग ६० ऐवजी २० टक्के असेल तर १० मिनिटांचं काम साधारण ९ मिनिटं २० सेकंदांत होईल, आणि तो फरक घड्याळ लावल्याशिवाय कळायचाही नाही. रोजच्या वापरात १५-२० टक्क्यांच्या आतला फरक हाताला जाणवत नाही.

आता तुमच्या दुकानात वेळ जातो कुठे ते बघू. उत्पन्नाचा दाखला किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्या. गिऱ्हाईक पिशवीतून कागद काढतं, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून घरी फोन लावतं, चार-पाच कागद स्कॅन होतात, साइटने सांगितलेल्या केबीत ते बसवायचे, मग ओटीपी. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन नेमका मुंबईला असतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या या कामात खुद्द प्रोसेसरसाठी थांबावं लागतं, असा वेळ किती? पीडीएफ उघडणं, फोटो लहान करणं, पान दिसणं, सगळं धरून ४० सेकंद म्हणू. दिवसाला २० फॉर्म धरले तर ८०० सेकंद. आय-फाइव्ह इथे उदार मनाने १० टक्के वेगवान धरला तरी दिवसाकाठी वाचले ८० सेकंद. एका कोअरचा सव्वादोन टक्क्यांचा फरक धरला तर वाचतात १८ सेकंद. आणि पलीकडचा सर्व्हर झोपलेला असेल तर आय-नाइन आणलात तरी ते गोल चक्र तेवढ्याच संथपणे फिरणार.

आता याला रुपये लावा. पीसी चार वर्षं चालेल आणि वर्षाला ३०० दिवस दुकान उघडं राहील असं धरलं तर १,२०० दिवस होतात. सहा हजार भागिले बाराशे, म्हणजे रोजचे ५ रुपये. तुमच्या तासाची किंमत १५० रुपये धरली तर मिनिटाला अडीच रुपये पडतात. म्हणजे वरचे सहा हजार वसूल व्हायला आय-फाइव्हने रोज, न चुकता, २ मिनिटं वाचवायला हवीत. फॉर्मच्या कामात तो ८० सेकंदांवर अडतो, आणि तेही उदार हिशोबात. तुमच्या तासाची किंमत ३०० असेल तर रोजचं एक मिनिट पुरेल, मग उदार हिशोबात पैसे निघतात, काटेकोर हिशोबात तरीही निघत नाहीत. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

या हिशोबात एक पळवाट आहे, तिच्याकडे लक्ष द्या. वाचलेला वेळ दुसऱ्या कामी आला तरच त्याची किंमत. रात्री शटर ओढताना लावलेलं काम पहाटे तीनला संपलं काय आणि चारला संपलं काय, सारखंच. याउलट दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर जूनमध्ये पडवीत रांग उभी असते, तेव्हाचं मिनिट ऑक्टोबरातल्या मिनिटापेक्षा महाग असतं. म्हणून अंदाज वर्षभराच्या सरासरीवर बांधू नका. तुमचा हंगाम कोणता? फेब्रुवारी ते मे आंब्याच्या पेटीची लेबलं, जूनमध्ये प्रवेश, गणपतीआधी चाकरमान्यांच्या स्वागताचे फ्लेक्स, दिवाळीनंतर जत्रा आणि दशावताराची पोस्टरं. यातल्या गर्दीच्या दिवसांत मशीन कुठे अडतं, तिथे पैसा टाकायचा.

मशीन कुठे अडतं हे जुन्या पीसीवरच मोजता येतं, फुकटात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स हा टॅब. तो उघडा ठेवून नेहमीचं काम करा आणि जिथे थांबावं लागतं त्या क्षणी तिकडे बघा. डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांवर चिकटला असेल तर अडचण डिस्कची. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि खालचा कमिटेड हा आकडा (चालू प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी) बसवलेल्या रॅमपेक्षा जास्त असेल तर अडचण रॅमची, आणि बहुतेक वेळा त्याच सुमारास डिस्कही शंभरावर गेलेली दिसेल, कारण रॅममध्ये न मावलेलं सामान विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं. सीपीयूचा आलेख मात्र फसवतो. तुमच्या जुन्या आय-थ्रीला ४ थ्रेड आहेत, त्यामुळे एकच कोअर पूर्ण राबत असेल तर आकडा दिसतो २५ टक्के. ८ थ्रेडच्या मशीनवर तोच आकडा साडेबारा दिसतो. लोक तो बघून म्हणतात प्रोसेसर तर रिकामा आहे, पण काम एकाच कोअरला चिकटलेलं असतं. आलेखावर उजवं बटण दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, मग कोअर वेगवेगळे दिसतात. सगळे कोअर एकदम वर चढत असतील तर जास्त कोअरचा उपयोग आहे. एकच चढत असेल तर आय-फाइव्हचा नाही. आणि डिस्क, मेमरी, सीपीयू तिन्ही शांत असूनही तुम्ही थांबलेले असाल तर दोष इंटरनेटचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा.

तुमच्या जुन्या पीसीचं उत्तर न मोजताही सांगता येतं. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्डडिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय सुई योग्य जागी सरकायला साधारण ९ मिलिसेकंद. एकूण १३ च्या आसपास. म्हणजे इथला-तिथला डेटा गोळा करायचा असेल तर सेकंदाला जेमतेम ७५ तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे उचलतं. साध्या साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) एसएसडीला हेच सेकंदाला हजारोंच्या घरात जमतं. तुम्ही नव्या आय-थ्रीसमोर पहिल्यांदा बसाल तेव्हा जो फरक जाणवेल, त्यातला मोठा वाटा एसएसडीचा असेल. दुकानदार आय-फाइव्ह दाखवताना हाच अनुभव देतो, आणि श्रेय प्रोसेसर घेऊन जातो.

एसएसडीतही असाच प्रकार चालतो. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) तिसऱ्या पिढीची, म्हणजे जेन३, असेल तर ३,५०० पर्यंत, चौथ्या पिढीची, म्हणजे जेन४, त्याच्या दुप्पट. हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे. ब्राउझर, वर्ड, कोरल यांत साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक सेकंदा-दोन सेकंदांचा असतो. आणि एच६१० चिपसेट एनव्हीएमईला जेन३ चाच मार्ग देतो. त्यामुळे या बोर्डावर जेन४ ची महाग एसएसडी बसवली तरी ती जेन३ च्याच वेगाने धावणार. कोणी जेन४ साठी पैसे वाढवत असेल तर ते नाकारा.

रॅमवर मात्र पैसे घाला. ८ जीबीतले तीन-चार जीबी विंडोज ११ आणि त्याची पिलावळ घेते. उरलेल्यात क्रोमचे पंधरा टॅब, कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडलं की कमिटेडचा आकडा ८ च्या पुढे गेलाच. म्हणून १६ जीबी घ्या, आणि तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. डीडीआर४ ३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो, दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये बसल्या की ५१.२ जीबी. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड नाही, यूएचडी ७३० हीच रॅम वापरतं, त्यामुळे त्याला याचा फायदा होतो. एच६१० बोर्डावर सहसा दोनच खाचा असतात, तेव्हा सुरुवातीला ४-४ च्या पट्ट्या घालून घेऊ नका, पुढे वाढवताना दोन्ही फेकाव्या लागतील. रॅमचा भाव महिन्या-महिन्याला बदलतो, त्या दिवशीचा विचारून घ्या.

फ्लेक्सच्या कामात पीसी हँग होतो, हे गाऱ्हाणं जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येतं, आणि त्याचं मूळ बरेचदा प्रोसेसरमध्ये नसतंच. १० फूट बाय ४ फुटांचा फ्लेक्स कुणीतरी सवयीने ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) उघडतो. म्हणजे ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल, ५१ कोटी ८४ लाख पिक्सेल. छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेत, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण आकाराचा एक लेअर म्हणजे दोन जीबी. नेत्यांचे फोटो, सावल्या, मागे देवगडच्या किल्ल्याचा फोटो असे पाच-सहा लेअर झाले की १६ जीबीही पुरणार नाही. शिवाय फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची कमाल मर्यादा एका बाजूला ३०,००० पिक्सेल, त्यामुळे ती त्या स्वरूपात सेव्हही होत नाही. तोच फ्लेक्स १०० डीपीआयला घेतला तर १२,००० बाय ४,८०० पिक्सेल, लेअर २३० एमबी. ७२ ला घेतला तर १२० एमबीच्या आत. तिठ्यावर वीस फुटांवरून बघितल्या जाणाऱ्या फ्लेक्सला एवढं पुरतं. ३०० वरून १०० वर आलं की कामाचा नववा भागच उरतो, तेही बिनपैशात. पेटीच्या लेबलाला मात्र ३०० च ठेवा, ते हातात धरून वाचतात.

फोटोशॉपमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क (रॅम पुरली नाही की फोटोशॉप वापरतं ती डिस्क) म्हणून एसएसडीच निवडलेली असू द्या आणि तिच्यावर किमान ५०-६० जीबी मोकळे ठेवा. भरत आलेली एसएसडी लिहिताना मंदावते, मग दोष पुन्हा प्रोसेसरला मिळतो.

आता आय-फाइव्ह कुठे खरंच वसूल होतो ते. लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ असेल, शेकडो रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो एकदम जेपीजी करायचे असतील, तर सगळे कोअर राबतात. ड्रोनच्या फोटोंवरून बागेचा किंवा जमिनीचा नकाशा जोडायचा असेल तरी राबतात. शेकडो पानं स्कॅन करून त्यांतला मजकूर ओळखून घ्यायचं काम रोजचं असेल तरीही. अशा कामांत अर्ध्या तासाचं काम वीस-बावीस मिनिटांवर येऊ शकतं, आणि ते दिवसातून दोनदा होत असेल तर सहा हजार काही महिन्यांत निघतात. व्हिडिओचं मात्र जरा वेगळं आहे. तारकर्लीच्या होमस्टेवाल्याला दोन मिनिटांची रील कापून द्यायची आणि एक्सपोर्टला हार्डवेअर एन्कोडिंग, म्हणजे इंटेलचं क्विक सिंक, निवडलेलं असेल, तर ते काम यूएचडी ७३० करतं, आणि ते दोन्ही प्रोसेसरांत एकच आहे. वेळ जवळपास सारखाच लागेल. रंग, इफेक्ट आणि लेअर भरपूर असतील तरच कोअर कामाला येतात. ऑटोकॅडमध्ये प्लॅन काढणाऱ्यांनाही हे सांगायला हवं: त्यातलं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, सहा कोअरचं तिथे कौतुक नाही.

‘पुढे कामाला येईल’ हा युक्तिवाद दुकानदार हमखास करतो. त्याला उत्तर म्हणून २०१७ सालचे दोन प्रोसेसर पुरेत. जानेवारी २०१७ चा आय-सेव्हन ७७००, ४ कोअर, ८ थ्रेड, ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत, त्या वेळी चांगलाच महाग. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला आय-थ्री ८१००, ४ कोअर, ४ थ्रेड, ३.६ गिगाहर्ट्झ, त्याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. विंडोज ११ ने आठव्या पिढीपासून पुढच्यांना घरात घेतलं. स्वस्त आय-थ्री आत गेला, महाग आय-सेव्हन दाराबाहेर राहिला. आयुष्य वाढलं ते पिढीने, वरच्या दर्जाने नव्हे. तेव्हा जास्तीचे पैसे ‘पुढच्यासाठी’ द्यायचेच असतील तर नवी पिढी किती रुपयांत मिळते ते विचारा, आणि एकाच पिढीतली वरची पायरी कामाशिवाय चढू नका.

तुमच्या जुन्या पीसीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर बँकेची कामं, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, गिऱ्हाइकांचे आधारचे कागद नकोत. २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी घालून त्याला फक्त स्कॅनर आणि झेरॉक्स-प्रिंटसाठी बाजूला बसवा. भंगारात देण्यापेक्षा ते बरं, कारण स्कॅन होत असताना तुमचं टायपिंग थांबणार नाही. एका मशीनची दोन मशीनं झाली की रांग जेवढी लवकर सरकेल, तेवढी आय-फाइव्हने सरकायची नाही.

आता किनाऱ्याचा मुद्दा. पुण्यातल्या वातानुकूलित ऑफिसातल्या पीसीचा हिशोब जामसंड्याला लागू पडत नाही. इथे मशीन सावकाश चालल्याने जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट नुकसान ते बंद पडल्याने होतं. वर्षात तीन दिवस दुकान बंद राहिलं तर बुडालेली मिनिटं मोजा. दहा तासांच्या हिशोबाने १,८०० मिनिटं, म्हणजे ३०० दिवसांत वाटली तर रोजची ६ मिनिटं. आय-फाइव्हकडून आपण रोजची २ मिनिटं मागत होतो. सहा हजार कुठे घालायचे याचं उत्तर या आकड्यातच आहे.

पहिला खर्च यूपीएसचा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. हा पीसी आणि मॉनिटर मिळून ८०-१०० वॅट घेतील, तेव्हा नव्या बॅटरीवर १५-२० मिनिटं धरा. फॉर्म सबमिट करून नीट बंद करायला तेवढं पुरतं. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीन त्यावर लावू नका. आतला फ्यूजर (टोनर कागदावर वितळवणारा भाग) तापताना आठशे-हजार वॅट खेचतो आणि यूपीएस कोलमडतो. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. पत्र्याखाली मे महिन्यात ३५-३६ अंश असतात, म्हणून दोन वर्षांनी बॅटरी बदलावी लागली तर कंपनीला शिव्या देऊ नका. महिन्यातून एकदा, काही महत्त्वाचं उघडं नसताना, प्लग ओढून बघा. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस वेगळा मिळतो, हजार-दीड हजारांत. लाइट गेल्यावर पीसी चालू आणि इंटरनेट बंद, हा विनोद रोज कशाला करायचा?

दुसरा खर्च अर्थिंगचा, आणि तो बहुतेकदा कोटेशनमध्ये नसतोच. कॅबिनेटला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग मिळत नाही असं समजा. एसएमपीएसमधल्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात, करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबीला लावलेल्या स्कॅनरच्या आणि अंगठ्याच्या मशीनच्या पोर्टला तो खातो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीनच्या आत असेल तर ठीक, पाचच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत पडतो, तेव्हा आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. वळवाच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, आणि दोन इमारतींमधून तांब्याची लॅन केबल ओढलेली असेल तर तीही.

तिसरा मुद्दा खाऱ्या दमट हवेचा. जुलैत दुकान चार दिवस बंद राहिलं आणि पाचव्या दिवशी पीसी नुसताच बीप देऊ लागला, पडद्यावर काही नाही, तर सर्वांत आधी संशय रॅमच्या पट्टीच्या दातांवर. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, पट्टी काढा, सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळल्यावर कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि यासाठी कणकवलीपर्यंत मशीन न्यायची गरज नसते. पावसाळ्यात पीसी रोज तासभर तरी चालू ठेवला तर आतली ऊब ओल धरू देत नाही. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका, मागच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या लावलेल्याच राहू द्या. नाहीतर तिथून पाल आत शिरते आणि एसएमपीएसवर आडवी होते, मग दोघांचंही संपतं. जास्तीचा प्रोसेसर इथे उलट थोडा जाच करतो: पूर्ण जोरात आय-थ्री १२१०० ८९ वॅटपर्यंत जातो, आय-फाइव्ह १२४०० ११७ पर्यंत. जास्त उष्णता, पंखा जास्त वेगात, आणि त्याबरोबर खारी धूळही जास्त आत.

चौथी गोष्ट बॅकअपची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा टेबलावरची मशीनंही बुडाली. एक बाहेरची डिस्क घ्या, शनिवारी कामाच्या फाइली आणि टॅलीचं डेटा फोल्डर तिच्यावर उतरवा, आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका, घरी न्या. दुकानातच, पीसीच्या शेजारी ठेवलेली डिस्क पीसीबरोबरच जाते.

लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी हा हिशोब थोडा बदलतो. त्यात रॅम पुष्कळदा बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून वरचे पैसे सुरुवातीलाच रॅमसाठी द्यावे लागतात. नावावर जाऊ नका, शेवटचं अक्षर बघा: यू असेल तर कमी वॅटचा, एच असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. यू वाला आय-फाइव्ह आणि एच वाला आय-फाइव्ह हे नावापुरतेच भाऊ.

कराचं एका वाक्यात: जीएसटी नोंदणी असेल तर ६,००० मधले सुमारे ९१५ रुपये क्रेडिट म्हणून परत येतात आणि संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही, तेव्हा ‘टॅक्समध्ये वळतं होईल’ यावर विसंबून महाग मशीन घेऊ नका.

तर दुकानदाराला असं सांगा: आय-थ्री १२१०० ठेवा, पण नावापुढे एफ असलेला नको, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं आणि मग वेगळं कार्ड गळ्यात पडतं. प्रोसेसर बॉक्समधला द्या, ट्रेमधला (सुटा) नको, म्हणजे इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी मिळेल. रॅम ८-८. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको. विंडोजचं लायसन्स खरं, आणि ते बिलावर. यानंतर सहा हजारांतून जे उरेल ते यूपीएस, मिनी यूपीएस, बाहेरची डिस्क, याच क्रमाने. पैसे संपले तिथे थांबा.

तरीही मन आय-फाइव्हकडे ओढत असेल तर दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुमची सर्वांत जड कोरल फाइल, एक मोठा फ्लेक्स आणि तीस पानांची स्कॅन केलेली पीडीएफ घेऊन जा. दोन्ही मशीनांत रॅम आणि एसएसडी सारखीच आहे ना, ते टास्क मॅनेजरमध्ये आधी बघा, नाहीतर तुलना प्रोसेसरची होणारच नाही. प्रत्येक काम तीनदा करा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ लिहा, पहिली फेरी सोडून द्या, कारण दुसऱ्यांदा फाइल रॅममधून येते. आलेला फरक तुमच्या गर्दीच्या दिवसातल्या कामांच्या संख्येने गुणा. तो रोज दोन मिनिटांच्या वर गेला तर आय-फाइव्ह खुशाल घ्या. आणि कोणतंही मशीन घेतलंत तरी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या: बोर्ड, प्रोसेसर, दोन्ही पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर. बोर्ड बदलायला कोल्हापूर किंवा मुंबईला गेला की तो किती दिवसांनी परत येईल आणि तोवर पर्यायी बोर्ड मिळेल का, हेही तिथेच विचारून बिलाच्या मागे लिहून घ्या.